पोटगीचा हुकूम आणि पोटगीचे पैसे

(एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष)

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याच्या पदरात लेकरू आणि घरात पिठाचा रिकामा डबा नसावा. माझ्या आईने ती पायरी चढली तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या अर्जात 'अर्जदार क्रमांक २, अज्ञान, तर्फे आई' असे जिचे वर्णन आहे, ती मी. 'अज्ञान' या शब्दाचा मला पुढे वाचता येऊ लागल्यावर फार राग आला होता. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती.

हे सांगण्यात स्वतःचे रडगाणे गाण्याचा हेतू नाही. गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी विचारले होते, "न्यायालयाने हुकूम दिला आणि समोरच्याने तो पाळलाच नाही, तर पुढे काय?" वर्गात कोणालाच उत्तर देता आले नाही. मला थोडेबहुत येत होते, पण मी उठून बोलले नाही. त्या दिवशी न दिलेले उत्तर या लेखात देत आहे.

पोटगीचा कायदा आपल्याकडे जुना आहे. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ४८८ मध्ये होता. १९७३ च्या संहितेत तो कलम १२५ झाला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर तोच कलम १४४ म्हणून ओळखला जातो. ऐपत असूनही जो माणूस आपली पत्नी, आपले अज्ञान मूल किंवा वृद्ध आईबाप यांना पोसत नाही, त्याला दरमहा ठराविक रक्कम देण्याचा हुकूम करता येतो. मूल विवाहसंबंधातून झालेले असो वा नसो, त्याचा हक्क सारखाच. १९७३ च्या संहितेत पोटगीला दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती. ती संसदेने २००१ साली काढून टाकली. अर्ज शहरात कुटुंब न्यायालयापुढे आणि जेथे ते नाही तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो.

येथपर्यंतची माहिती पुष्कळांना असते. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. हुकूम झाला की पैसे आपोआप येऊ लागतात, असा आमच्या आळीत सर्वांचा समज होता, आमचाही होता. प्रत्यक्षात दरमहा पैसे पोचले की नाही हे पाहणारे कोणतेही खाते आपल्याकडे नाही. न्यायालय हुकूम देते आणि पुढच्या प्रकरणाकडे वळते. पैसे थकले तर ज्याचे थकले त्यानेच पुन्हा अर्ज करून सांगावे लागते. थोडक्यात, हुकूम एकदा मिळवावा लागतो, पण पैसे पुन्हा पुन्हा मिळवावे लागतात.

थकबाकीच्या वसुलीचा अर्ज आल्यावर न्यायालय सामनेवाल्याला नोटीस काढते. पुरेसे कारण नसताना त्याने पैसे दिले नाहीत असे दिसले, तर दंडाची रक्कम ज्या रीतीने वसूल करतात त्याच रीतीने ही रक्कम वसूल करण्याचे वॉरंट निघते. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याच्या जंगम वस्तू, म्हणजे मोटारसायकल, जनावरे वगैरे, जप्त करून विकणे. दुसरा, जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करणे. शेतसारा थकल्यावर जी यंत्रणा हलते तीच लेकराच्या पोटगीसाठी हलवता येते, हे आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्थात सातबारा त्या माणसाच्या नावावर हवा. अनेक घरांत तो आजोबांच्या नावावर असतो, आणि मग हा मार्ग तेथेच अडतो.

वॉरंट बजावूनही रक्कम येत नसेल, तर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत किंवा त्याआधी पैसे भरले तर भरेपर्यंत कैद देता येते. याविषयी एक मोठा गैरसमज आहे. 'महिनाभर आत बसून येईन, मग हिशेब मिटला,' असे म्हणणारे पुरुष मी स्वतः पाहिले आहेत. हिशेब मिटत नाही. १९८८ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तुरुंग हे पैसे काढण्याचे साधन आहे, पैशाची परतफेड नव्हे. सुटून आल्यावरही ती रक्कम त्याच्या डोक्यावर तशीच राहते. मात्र एका खेपेला एक महिन्याहून अधिक कैद देता येत नाही. त्यानंतरही तो देत नसेल तर पुन्हा अर्ज करावा, असे त्याच न्यायालयाने १९९९ साली सांगितले. म्हणजे येथेही पुन्हा अर्ज आलाच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी हे वॉरंट निघत नाही. ही अट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. मला दरमहा १,५०० रुपये मंजूर झाले होते. पहिले चार महिने ते आले, मग बंद झाले. नातेवाईक म्हणाले, थोडे थांबा, तो येईल ताळ्यावर. आई वीस महिने थांबली. अर्ज केला तेव्हा ३०,००० रुपये थकले होते, पण वॉरंट निघाले ते शेवटच्या बारा महिन्यांच्या १८,००० रुपयांचे. आधीच्या आठ महिन्यांचे १२,००० रुपये या मार्गातून गळाले. तो हक्क मेला असे नव्हे. त्यासाठी दिवाणी मार्ग उरतो, पण तो लांबचा आणि खर्चाचा आहे. आईने समजूतदारपणे वाट पाहिली, आणि तिच्या समजूतदारपणाचे बारा हजार झाले. अर्ज एकदा मुदतीत दाखल झाला, तर तो पडून राहिल्याच्या काळात थकणाऱ्या रकमाही त्यात मागता येतात, असे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणून अर्ज वेळेत पडणे हेच मुख्य.

वॉरंट निघाले म्हणजे माणूस सापडला असेही नाही. आमचे वॉरंट दोन वेळा 'इसम मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत आले. त्याच महिन्यात तो इसम एका लग्नात पंगतीला बसला होता. करमाडहून सकाळी जालना रस्त्याने शहरात जायचे, क्रांती चौकात उतरून अदालत रोडपर्यंत चालायचे, पुढची तारीख घेऊन परतायचे. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. एकदा बसमध्ये आई म्हणाली, "तारीख पडली म्हनून पोट थांबतंय का गं?" यावर मला उत्तर सुचले नव्हते. पुढे एका वकीलबाईंनी सांगितले की तो माणूस ज्या गावी राहतो तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडूनही मूळ हुकुमाची अंमलबजावणी करून घेता येते. आईने नवा पत्ता शोधून काढला. अटक होणार असे दिसताच तिसऱ्या दिवशी १८,००० रुपये भरले गेले. म्हणजे पैसे होते.

नोकरदार माणसाच्या बाबतीत पगारातून वसुली करता येते. एरवी कर्जासाठी पगाराचा थोडाच भाग जप्त होतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीचा जप्त होऊ शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर पगारातील रक्कम थेट बाईला द्या किंवा न्यायालयात भरा, असा हुकूम मालकालाच करता येतो. पण आपल्या शेजारच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचा पगार पकडायचा कोठे, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्रातील एका खटल्याने या सगळ्यात मोठी भर घातली आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ साली एका आईला व तिच्या मुलाला अंतरिम पोटगी मंजूर केली. अंतरिम म्हणजे निकाल लागेपर्यंत तग धरण्यापुरती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली ती कायम केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. आणि तिची वसुली दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही करता यावी. नियम उत्तम आहेत. पण तग धरण्यापुरत्या रकमेचा वाद पाच वर्षे चालला, हेही त्याच खटल्यातून दिसते.

परदेशांत वेगळ्या वाटा आहेत. अमेरिकेत १९७५ सालापासून सरकारी खातेच मुलांची पोटगी वसूल करून देते. मालक ती पगारातून कापून घेतो, आणि थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली तर पासपोर्ट नाकारला जातो. स्वीडनमध्ये आईला किंवा बापाला दुसऱ्याकडून पैसे मिळाले नाहीत तर सरकार ठराविक रक्कम मुलासाठी देते आणि मग ती चुकवणाऱ्याकडून वसूल करते. तेथे मूल थांबत नाही, वसुली थांबते. आपल्याकडे हे उलटे आहे.

बापाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकांगी होईल. दुष्काळात पीक जाते, काम सुटते, आजारपण येते. अशा माणसासाठी रक्कम कमी करून मागण्याची सोय कायद्यात आहे. पूर्वीचे कलम १२७, आताचे १४६. त्याने न्यायालयात जाऊन तसे सांगावे. न सांगता पैसे बंद करणे आणि पत्ता बदलणे ही सोय कायद्याने दिलेली नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा एकदा बजावले आहे.

आता मी 'अज्ञान' राहिलेले नाही, म्हणून या कलमाखालची माझी पोटगी संपली. मात्र स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे पुढेही राहतो. त्यासाठी अर्ज करावा की नाही, हे आईचे आणि माझे अजून ठरलेले नाही.

आपल्या महाविद्यालयातील बहुतेकजण माझ्यासारखेच घरातले पहिले शिकणारे आहोत. गल्लीतला प्रत्येक सरकारी कागद फिरत फिरत आपल्याकडेच वाचायला येतो. तेव्हा तीन गोष्टी सांगता याव्यात. हुकुमाची प्रत विनामूल्य मिळते. स्त्रिया व मुले यांना त्यांचे उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. आणि पैसे शक्यतो बँकेच्या खात्यात मागावेत व एका वहीत महिना, तारीख, आले की थकले, एवढे लिहीत जावे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या आळीतील एक काकू हुकुमाचा कागद घेऊन आमच्याकडे आल्या. "अजून थोडी वाट पाहू का?" असे त्यांनी आईला विचारले. मी वहीत महिने मांडून पाहिले. दहावा महिना चालू होता. पुढच्या सोमवारी सकाळच्या बसने आई त्यांच्याबरोबर अदालत रोडला गेली.