शुद्ध धैवत : डोरियन मायनर, पियानोवर आणि गिटारवर

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनात नववीतील एक विद्यार्थिनी गात होती आणि दहावीतील एक विद्यार्थी गिटारवर साथ करीत होता. चाल मायनर वळणाची, पट्टी पांढरी दोन. दुसऱ्या ओळीपाशी काहीतरी बिनसले आणि तिचा आवाज डळमळला. कार्यक्रम संपल्यावर मी तिला धैवत तपासून घेण्यास सांगितले. चूक तिची नव्हती, हे मला फार उशिरा उमगले. मुलाने कॉर्डच्या पुस्तकातून उचललेला जी मायनर आपल्याबरोबर कोमल धैवत आणीत होता. ती मात्र शुद्ध धैवत गात होती, आणि चालीत तोच होता.

मायनर एकच नसते. पुस्तकांत प्रथम शिकविली जाणारी नैसर्गिक मायनर म्हणजे आसावरी थाटाचे स्वर : ग, ध, नी कोमल. डोरियनमध्ये ग आणि नी एवढेच कोमल, धैवत शुद्ध. अर्थात काफी थाटाचे स्वर. भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी हा एक असून बागेश्री, भीमपलासी यांची गणना त्यातच होते. मात्र थाट म्हणजे राग नव्हे. डोरियन वाजविली म्हणजे काफी राग वाजविला, असे कोणी समजू नये.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने एक गंमत नोंदवितो. ‘डोरियन’ हे नाव प्राचीन ग्रीकांचे. पण त्यांची डोरियन निराळी होती. मध्ययुगीन युरोपातील चर्चसंगीताच्या अभ्यासकांनी जुनी नावे घेतली आणि ती भलत्याच स्वरमालांना चिकटविली. नाव जुने राहिले, वस्तू बदलली.

पियानोवर आरंभ सोपा आहे. पांढरी दोन म्हणजे डी. तेथून वरच्या डीपर्यंत केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवाव्यात : डी, ई, एफ, जी, ए, बी, सी, डी. उजव्या हाताची पहिली तीन बोटे डी, ई, एफवर. मग अंगठा खालून सरकवून जीवर आणि पुढे क्रमाने. खरी अडचण बोटांची नाही, कानाची आहे. याच पट्ट्या सी मेजरच्याही असल्यामुळे कान पुनःपुन्हा सीकडे ओढला जातो. म्हणून डाव्या हाताने डी आणि ए, म्हणजे सा आणि प, सतत धरून ठेवावेत. तानपुऱ्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे सांगावेही लागत नाही.

गिटारवर चौथी तार मोकळी सोडली की डी मिळतो. त्याच तारेवर दुसरा व तिसरा फ्रेट. तिसरी तार मोकळी आणि दुसरा फ्रेट. दुसरी तार मोकळी, पहिला फ्रेट, तिसरा फ्रेट. सप्तक पूर्ण झाले. दुसऱ्या तारेचा मोकळा स्वर, बी, हाच तो शुद्ध धैवत. साथीसाठी डी मायनर आणि जी मेजर या दोन कॉर्ड चार-चार मात्रा आलटून पालटून वाजवाव्यात. जी मेजरमध्ये बी आहे; जी मायनरमध्ये त्याच्या जागी बी फ्लॅट येतो. आमच्या संमेलनातला सारा घोटाळा या अर्ध्या स्वराचा होता. जी सेव्हन मात्र जपून वापरावा, तो लगेच सीकडे नेतो.

एवढ्या थोड्या सामग्रीत किती होऊ शकते, हे ऐकायचे असेल तर कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिस यांची 1959 मधील ‘सो व्हॉट’ ही रचना ऐकावी. 32 मात्राखंडांच्या आवर्तनात 16 खंड डी डोरियन, 8 खंड अर्धा स्वर वर सरकवून तीच स्वरमाला आणि पुन्हा 8 खंड डी डोरियन. कॉर्डची धावपळ नाही, त्यामुळे वादकाला एकेका स्वरापाशी थांबण्यास अवकाश मिळतो.

आता साथीला बसण्यापूर्वी मी मुलांना एकच गोष्ट करावयास लावतो : गाणाऱ्याकडून सा ते वरचा सा सावकाश म्हणवून घ्यायचा, धैवत ऐकायचा, मगच चौथी कॉर्ड मेजर की मायनर हे ठरवायचे. त्या मुलाला हे सर्व मी पुढे समजावून सांगितले. तिला सांगायचे राहून गेले. स्मरणिका माजी विद्यार्थ्यांना टपालाने जाते. हा अंक तिच्याकडेही जाईल.