हृदयाची खबर आतड्यातून

शिळा बांगडा डोळ्यांआधी नाकाला कळतो. तो वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमीन या पदार्थाचा. हाच पदार्थ आपल्या आतड्यातही तयार होतो. अंड्याचा बलक किंवा मटण पोटात गेलं की तिथले जिवाणू तो बनवतात. यकृत त्याला ऑक्सिजन जोडून त्याचा ‘टीएमएओ’ करतं आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात.

हृदय दुबळं झालं, म्हणजेच हार्ट फेल्युअर झालं, की ही साखळी बिघडते. उपसा पंप मंदावल्यावर विहिरीत पाणी चढावं, तसं रक्त शिरांमध्ये तुंबतं, आतड्याचं अस्तर सुजतं. मूत्रपिंडांना रक्त कमी मिळतं आणि टीएमएओ साचत जातो. म्हणून त्याची पातळी एकट्या हृदयाची नव्हे, साऱ्या शरीराची स्थिती सांगते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हार्ट फेल्युअरच्या ७२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टीएमएओ जास्त असलेल्यांमध्ये पाच वर्षांतल्या मृत्यूचा धोका ३.४ पट आढळला. पण टीएमएओमुळेच मृत्यू ओढवतो, असं यातून सिद्ध होत नाही. हा फरक विसरून कुणी धसका घेऊ नये. टीएमएओ मोजण्याची चाचणी अजून नेहमीच्या उपचारांचा भाग नाही. त्यापेक्षा हृदय दुबळं झाल्याच्या खुणांकडे लक्ष द्या: पायांवर सूज, आडवं होताच लागणारी धाप, दोन-तीन दिवसांत वाढलेलं वजन यांपैकी काहीही दिसलं, तर डॉक्टरांकडे लगेच जा.