काट्यावर न चढणारा धूर

खरिपाचं धान निघालं की गोंदियाच्या राईस मिलांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रकांची रीघ लागते. शहराला खेटून असलेल्या कुडव्याचीही या गाड्यांच्या धुरातून सुटका नाही. पुढच्या गाडीने काळा धूर सोडला की दुचाकीवाले दुपट्टा नाकावर ओढतात. खरी भीती मात्र न दिसणाऱ्या धुराची आहे.

इंजिनातून निघणारे बहुतेक कण 0.1 मायक्रॉनहूनही बारीक असतात. प्रदूषण आपण मोजतो वजनावर, घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम असं. पण धानाचं पोतं काट्यावर चढतं तेव्हा त्यावरच्या धुळीचं वजन कोण धरतं? या कणांचंही तसंच आहे. संख्या अफाट, वजन नगण्य. म्हणून देशाच्या 2009 च्या हवेच्या मानकांत पीएम 10 आणि पीएम 2.5 आहेत, या कणांना मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये निदान खूण तरी दिली: दिवसाची सरासरी घनसेंटिमीटरमागे 10,000 कणांच्या वर गेली, तर ते प्रमाण जास्त समजावं.

हे कण फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथून थेट रक्तात उतरू शकतात. एडिंबरोच्या संशोधकांनी निरोगी माणसांना सोन्याचे निरुपद्रवी अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले. 24 तासांच्या आत ते रक्तात सापडले, आणि तीन महिन्यांनीही शरीरात होते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्तवाहिनीच्या सुजलेल्या, चरबी साचलेल्या जागीही हे कण जमलेले दिसले. धुराचा हृदयविकाराशी संबंध कसा, याचं हे फार बोलकं उत्तर आहे. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं तर 2012 मध्येच जाहीर झालं.

एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या, गाड्यांच्या धुराच्या बीएस-6 निकषांत नव्या डिझेल गाड्यांच्या कणांची मोजदाद आली, धूर गाळणारे फिल्टर आले. ट्रॅक्टरचे निकष मात्र वेगळे, आणि जुने ट्रक अजून रस्त्यावर आहेतच. कापडी दुपट्टा या कणांना फारसा अडवत नाही. नीट बसवलेला एन-95 मास्क अडवतो.

रस्त्यापासूनच्या अंतरानेही मोठा फरक पडतो. लॉस एंजेलिसच्या महामार्गांवरच्या मोजणीत 300 मीटरवर हे कण जवळपास आसपासच्या हवेइतकेच उरले होते. त्यामुळे नवी अंगणवाडी, नवी शाळा वर्दळीच्या रस्त्यापासून आत असावी, हा आग्रह ग्रामसभेत धरता येतो. मिलसमोर नंबर लागेपर्यंत धडधडणारं इंजिन बंद करायला तर ठरावही लागत नाही.