हर्णै ते रत्नागिरी, व्हाया दोन जेट्या

मुंबईहून मोटारसायकलने गोव्याला जाऊन आलेल्या मंडळींना कोकण कसे होते असे विचारले, तर बहुतेक जण महामार्गावरचे खड्डे आणि ट्रक यांचीच कहाणी सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही. तो महामार्ग समुद्रापासून बराच आत, डोंगराच्या कुशीतून जातो. समुद्र हवा असेल तर महामार्ग सोडून किनाऱ्याच्या रस्त्याला लागावे लागते, आणि तिथे किलोमीटर मोजून दिवस ठरवणारा हमखास फसतो. हर्णै ते रत्नागिरी हा टप्पाच घ्या. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण उजाडल्यापासून दिवे लागणीपर्यंतचा वेळ त्यात सहज जातो.

याला कारण इथली जमीन. शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनारा ‘दंतुर’ म्हणून शिकवला जायचा. दुचाकीवर बसल्यावर त्या शब्दाचा अर्थ मनगटांना कळतो. सह्याद्री समुद्राला जवळ असल्यामुळे कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. त्यांनी खोल दऱ्या कोरल्या आणि शेवटचे हिमयुग संपून समुद्राची पातळी चढली तेव्हा या दऱ्यांची तोंडे पाण्याखाली जाऊन खाड्या झाल्या. दोन खाड्यांच्या मधे उरले ते काळ्या कातळाचे सुळके आणि त्यांच्या माथ्यावरचे जांभ्याचे सपाट सडे. म्हणून इथला रस्ता समुद्राला समांतर असा फार काळ चालतच नाही. घाटी चढून सड्यावर यायचे, वारा खात सरळ पळायचे, पुढच्या वळणावर एकदम निळे पाणी दिसले की दुसऱ्या गिअरवर उतरत नारळी-पोफळीच्या वाडीत शिरायचे, पऱ्ह्यावरचा अरुंद साकव ओलांडायचा आणि पुन्हा चढाला लागायचे. दिवसभर हेच, पण एक उतार दुसऱ्यासारखा नसतो.

आदल्या संध्याकाळी हर्णैला मुक्काम केला तर बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहायला मिळतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. तुळाजी आंग्र्यांकडून तो १७५५ मध्ये घेतला गेला, तेव्हा पेशव्यांच्या बाजूने तोफा डागायला इंग्रजांचे आरमार आले होते. मराठ्यांनी मराठ्यांचा किल्ला इंग्रजांच्या हातून पाडावा, हे किनाऱ्यावर उभे राहून आजही खटकते. हर्णैहून निघाले की महर्षी कर्व्यांचे मुरूड, मग कर्दे, लाडघर, बुरोंडी. इथवर रस्ता किनाऱ्याची सोबत धरून असतो. पुढे तो आत वळतो आणि दाभोळच्या उतारावर वासिष्ठीची रुंद खाडी आडवी येते.

आता दाभोळ म्हणजे उतारावर वसलेले शांत गाव. बहामनी आणि आदिलशाही काळात मात्र ते पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते, इतके श्रीमंत की १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांच्या आल्मेदाने ते लुटून जाळले. धक्क्यापासून जवळच आदिलशाहीतली दगडी मशीद आहे. ती पाहायला पंधरा मिनिटे पुरतात, आणि जेटी नुकतीच सुटली असेल तर तेवढा वेळ हाताशी असतोच.

ही जेटी म्हणजे मोटारी, एसटी, दुचाक्या आणि माणसे एकत्र वाहून नेणारी सपाट फेरीबोट. दाभोळ-धोपावे दरम्यान ती २००३ पासून चालते. त्याआधी पलीकडे जायचे तर खेड-चिपळूणचा शंभराहून अधिक किलोमीटरचा फेरा पडायचा. दुचाकी कडेच्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टँडवर लावायची आणि कठड्याशी जाऊन उभे राहायचे. दहा-पंधरा मिनिटांच्या या प्रवासात खाडीच्या तोंडाशी वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. एन्रॉनचा हाच तो गाजलेला प्रकल्प. नाव दाभोळचे, पण आहे तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला.

धोपाव्याहून गुहागर जवळ आहे. तिथे व्याडेश्वराचे दर्शन आणि पोटभर न्याहारी उरकावी, कारण पुढच्या टप्प्यात खानावळी तुरळक आणि पेट्रोल पंप त्याहून तुरळक. वेळणेश्वरच्या उतारावरून चंद्रकोरीसारखा किनारा दिसतो, पण खरे थांबायचे ते हेदवीला. तिथे समुद्रकाठच्या उमामहेश्वर मंदिरामागे कातळात एक अरुंद भेग आहे, बामणघळ. भरतीची लाट या भेगेत घुसते, पुढे वाट नसते, आणि पाणी गर्जत उंच उसळते. ओहोटीला गेलात तर एक साधी खडकाची चीर दिसेल आणि लोक उगाच कौतुक करतात असे वाटेल.

भरती कधी हे कळण्यासाठी इथल्या दर्यावर्दी मंडळींचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावस्येचा आकडाही पंधराच धरायचा. वेळ थोडी मागेपुढे होते, पण दिवस आखायला एवढे पुरते. सकाळी हर्णैहून निघालेला स्वार साधारण दुपारच्या सुमारास हेदवीला पोचतो. म्हणजे ही सफर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास ठेवली तर भरती नेमकी त्या वेळी, आणि उधाणाची, त्यामुळे पाणीही जास्त. कॅलेंडरवरचा लाल रविवार पाहून निघण्यापेक्षा तिथी पाहून निघावे. फक्त घळीच्या काठापासून लांब राहायचे. ओल्या कातळावर बूट धरत नाहीत आणि खाली जाण्याला परतीची वाट नाही.

तवसाळला शास्त्री नदीची खाडी आणि दुसरी जेटी. पलीकडे जयगड. किल्ला खाडीच्या तोंडावर बसलेला, आणि जवळच मोठे बंदर व औष्णिक वीज प्रकल्प. हे दृश्य काहींना डोळ्यात खुपते, पण जहाजांची वर्दळ या खाडीला नवी नाही. कऱ्हाटेश्वराच्या देवळाखाली, थेट लाटांच्या शेजारी गोड्या पाण्याचा झरा आहे; बाटली तिथेच भरून घ्यावी. मग केशवसुतांचे मालगुंड, गणपतीपुळे आणि शेवटी आरे-वारे. संबंध दिवसात समुद्र इतका जवळून, इतका वेळ डाव्या-उजव्या गोंधळाशिवाय सलग दिसणारा रस्ता हाच. मावळतीला इथे पोचलात तर गाडी कडेला घ्या. वळणावर मान वळवून फोटो काढणारे स्वार इथे रोज दिसतात, आणि समोरून एसटी येत असते.

काही व्यावहारिक गोष्टी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. श्रावण-भाद्रपदात सडे फुलांनी भरतात, पण तेव्हा वळणांवर शेवाळ आणि जांभ्याची बारीक खडी असते, शिवाय हवामान बिघडले की जेटी बंद राहू शकते. संध्याकाळी गुरे तापलेल्या डांबरावर बसतात, तेव्हा अंधारात वेग नको. वाळूत दुचाकी घालण्याचा मोह तर अजिबात नको. खारे पाणी चेन आणि बेअरिंग खाते, भरती गाडीची वाट पाहत नाही, आणि कासवांच्या विणीच्या हंगामात घरटी चिरडली जातात. घरी आल्यावर पहिले काम म्हणजे गाडी गोड्या पाण्याने धुणे आणि चेनला तेल देणे.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत दाभोळ आणि जयगड या दोन्ही खाड्यांवर पूल आहेत. दोन्ही गावांतल्या रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि आंबा बागायतदारांना ते हवेच आहेत, त्यात वाद नाही. मोटारसायकलवाल्यांनी मात्र ही सफर पूल होण्याआधी, जेटीची वाट पाहत, करून घ्यावी.