जोशी, दमयंती

(१९२८–२००४). प्रसिद्ध भारतीय कथ्थक नर्तकी. जन्म मुंबई येथे. लहानपणीच त्या मेनका (लीला सोखी, १८९९–१९४७) यांच्या नृत्यपथकात दाखल झाल्या. प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांनी रंगमंचावर नृत्य करणे त्या काळी गैर मानले जाई. रशियन बॅले-नर्तकी आन्ना पाव्हलोव्हा यांच्या प्रोत्साहनाने मेनका यांनी हा संकेत मोडला आणि कथ्थकच्या पायावर भारतीय नृत्यनाट्य उभे केले. त्यांच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत पारितोषिके मिळविली. १९३६–३८ या यूरोपच्या दौऱ्यात दमयंतींनी बालवयातच अनेक राजधान्यांत नृत्य केले.

कथ्थकचे शिक्षण त्यांनी सीताराम प्रसाद आणि लखनौ घराण्याचे अच्छन महाराज, लच्छू महाराज व शंभू महाराज यांच्याकडे घेतले. भरतनाट्यमचाही अभ्यास केला. मेनकांच्या निधनानंतर त्यांनी एकल नृत्याची वाट धरली. नृत्यनाट्यात कथेचा ओघ आणि समूहरचना यांना प्राधान्य असते. एकल कथ्थकात मात्र लय, पदन्यास व अभिनय यांचा सारा भार एकाच नर्तकीला पेलावा लागतो. या कसोटीस उतरून त्यांनी देशपरदेशांत स्वतंत्र कीर्ती मिळविली. कथ्थकसाठी साडी ही वेशभूषा रूढ करण्यात त्यांचा पुढाकार होता. लखनौच्या कथ्थक केंद्रात त्यांनी अध्यापनही केले.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९६८) व पद्मश्री (१९७०) हे सन्मान त्यांना लाभले. आपल्या गुरूचे चरित्र त्यांनी मॅडम मेनका (१९८९) या इंग्रजी पुस्तिकेत लिहिले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.