आधारच्या क्यूआरमधली सही

देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबारच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आधारच्या सुरुवातीच्या क्यूआरमधला मजकूर मात्र बिनसहीचा असे. नाव बदलून नवा चौकोन छापला तरी स्कॅनर मुकाट्याने वाचून दाखवी. २०१८ मध्ये आधार देणाऱ्या प्राधिकरणाने डिजिटल सहीचा ‘सुरक्षित क्यूआर’ आणला.

तो स्कॅन केला की हाती लागतो एक लांबलचक आकडा. त्याचे बाइट करून ते उलगडले की शेवटचे २५६ बाइट ही सही. आधीच्या भागात नाव, पत्ता, फोटो वगैरे. पडताळणीत या मजकुराचा ३२ बाइटचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढतात. सही प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीने उघडली की ठरलेला साचा दिसायला हवा: ०, १, मग २५५ हे मूल्य सलग २०२ वेळा, पुन्हा ०, हॅशपद्धतीची १९ बाइटची ओळख आणि शेवटी तोच हॅश.

साचा पूर्ण तपासायचा, नुसता हॅश नाही. सही तपासणाऱ्या काही सॉफ्टवेअर लायब्ररी हॅशनंतर उरलेल्या बाइटकडे काणाडोळा करत. किल्लीचा घातांक ३ असेल तर अशा लायब्ररीला फसवणारी बनावट सही करता येते, हे डॅनियल ब्लायखेनबाखर यांनी २००६ मध्ये दाखवले आणि ओपनएसएसएललाही दुरुस्ती काढावी लागली.

पडताळणीला इंटरनेट लागत नाही, ही नंदुरबारमधल्याच धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत मोठीच सोय. फोटो समोरच्या माणसाशी जुळतो का, हे मात्र डोळ्यांनीच बघायचे.