इंजिन बंद कसं पडलं, हे आधी सांगा

चालती मोटारसायकल बंद पडली की सध्या पहिला संशय पेट्रोलवर जातो. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, तरी पंपावरची कुरबुर थांबलेली नाही. त्याच महिन्यात बीड जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, नद्यांचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि इथेनॉलच्या जोडीला पाण्याचीही शंका आली. दोन्ही शंका अगदीच खोट्या नाहीत. पण गाडी मरण्याची बहुतेक कारणं त्याहून साधी असतात.

बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्यामुळे इथला माणूस तालुक्याला, दवाखान्यात, कारखान्याच्या फडावर जातो तो दुचाकीवरच. धारूरच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढावर मागून भरलेला ट्रक येत असताना इंजिन गेलं, तर कारण शोधणं नंतरचं काम. आधी क्लच दाबावा आणि गाडी डाव्या कडेला घ्यावी. इंजिन जाम झालं असेल तर मागचं चाक अडकतं. ते मोकळं होतं ते केवळ क्लचने.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारावा: इंजिन बंद कसं पडलं? अर्धं निदान याच उत्तरात असतं. दिव्याचं बटण दाबावं तसं एका क्षणात बंद पडलं, तर दोष बहुधा करंटचा. हॉर्न आणि दिवेही गेले असतील तर फ्यूज, बॅटरीचे सैल टर्मिनल किंवा हँडल वळवून वळवून तुटलेली मेन स्विचची वायर पाहावी. हॉर्न वाजतोय पण इंजिन उठत नाही, तर प्लगची टोपी, कॉईल, किल स्विच. बऱ्याच नव्या गाड्यांत साईड स्टँडला सेन्सर असतो. त्यात चिखल बसला किंवा खड्ड्यात स्टँड हलला, की स्टँड खाली आहे असं समजून गाडी स्वतःच इंजिन बंद करते. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि गार झाल्यावर मुकाट सुरू होणारी गाडी कॉईलकडे किंवा पिकअपकडे बोट दाखवते.

आचके देत, मिस मारत, हळूहळू जीव सोडला असेल तर पेट्रोल पोचत नाही. जुन्या गाडीत कॉक रिझर्व्हवर घ्यावा, कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा काढावा. टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र धुळीने बुजलं तर आत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडताच सूं असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर चोर सापडला. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर टाकीतल्या मोटरची घुंई ऐकू यायला हवी.

तिसरी तऱ्हा सर्वांत महाग. ताकद कमी होत गेली, खडखड वाढली आणि इंजिन आवळलं, तर किक मारत बसू नये. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं निम्मं जळून गेलं तरी अनेकांना पत्ता नसतो.

पाण्यात बुडालेल्या गाडीला लगेच किक किंवा सेल्फ मारणं हा सर्वांत मोठा घात. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून इंजिन रिकामं फिरवावं, एअर फिल्टर पाहावा, ऑइल दुधाळ झालं असेल तर बदलावं.

आता ई२०. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारं पेट्रोल तळाजवळूनच उचललं जातं. म्हणजे पावसाळ्यात झाकणाचं रबर फाटलेली टाकी त्रास देते. जुन्या टाकीतला साचलेला मळही इथेनॉल सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज घटतं; नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. पण निव्वळ ॲव्हरेज कमी झालं म्हणून इंजिन रस्त्यात मरत नाही.

काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात आणि तो खर्च किरकोळ आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं. किरकोळ कुणाला? ज्या उसापासून यातलं काही इथेनॉल बनतं तो ऊस तोडायला बीडमधून हजारो कुटुंबं दरवर्षी बाहेर पडतात, आणि जुनी, तिसऱ्या-चौथ्या हाताची गाडी त्यांच्याच दारात असते. कोणता पाइप, कोणतं वॉशर, कधी बदलायचं, हे मराठीत प्रत्येक पंपावर लिहिलेलं हवं. आणि नव्या गाड्यांचा चेक लाइट लुकलुकून जो दोष सांगतो, त्याचा तक्ता कंपन्यांनी फक्त शोरूममध्ये न ठेवता गेवराई, केज, पाटोद्याच्या रस्त्याकडेच्या मिस्त्रीलाही द्यावा. बंद पडलेली गाडी ढकलत आणली जाते ती त्याच्याकडेच.